उंबऱ्याच्या उंचीचं मचाण

माझ्या बायकोच्या मामांइतका सावकाश माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून दुसरा झाला नसेल, आणि झाला असेलच तर तो अजून घरातून निघायचा असेल. मामा पोशीरचे. पावसाळ्यात भातशेती आणि उरलेले आठ महिने सुतारकाम, असा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. चहा बशीत ओतला की तो पार निवेपर्यंत ते बशीकडे बघत बसत. कुणाच्या घरी गेले तर माणसांच्या आधी चौकटीची चौकशी करत. दारावर बोटाच्या पेराने टकटक करून, कान लावून, मग आत येत. आतल्या लोकांना वाटे दार वाजवतायत, म्हणून ते "या, या" म्हणत राहत आणि मामा बाहेर लाकूड ऐकत उभे. खोपोलीकडच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ते दिसेनात, तेव्हा शोधाशोध झाली. मामा स्टेजच्या खाली सापडले. टोपीवरची जळमटं झटकत ते बाहेर आले आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन त्यांनी शांतपणे सांगितलं, की एका वेळी आठाच्या वर माणूस चढू द्यायचं नाही. मग आहेराची रांग संपेपर्यंत ते स्वतः पायरीशी उभे राहून माणसं मोजत होते. नवरदेवाच्या आत्याला तर त्यांनी चांगली पाच मिनिटं खाली थांबवून ठेवलं, कारण तिच्याच अंगापिंडाच्या दोघी आधीच वर गेल्या होत्या.

या मामांना जगात एकाच माणसाचा धाक होता. तो म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझ्या सासूबाई. त्यांना सगळा गाव आक्का म्हणतो, मीही तेच म्हणतो. पोशीरच्या वेशीबाहेर, भाताच्या खाचरांना लागून आम्ही घर बांधलं, तेव्हापासून आक्का आमच्याकडेच असतात. उभा जन्म बांधावर गेलेली बाई. घरात त्या फक्त जेवायला आणि झोपायला येत. एका पावसाळ्यात मागच्या दारी त्यांचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, आणि मागच्या दाराच्या तीन पायऱ्या त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड पायऱ्या झाल्या. उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून त्या दिवसभर खाचराकडे बघत बसायच्या. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. हिने मामांना बोलावलं.

मामा आले, दारात उभे राहून पायऱ्यांकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तिला खाली उतरवायचं नाय. आपुन अंगन वर आनू."

म्हणजे मागच्या दाराला लागून, उंबऱ्याच्या बरोबर उंचीचा लाकडी डेक बांधायचा, हे माझ्या लक्षात आलं. मामांना डेक हा शब्द पसंत नव्हता. तो बोटीवर असतो म्हणाले. त्यांनी त्याला मचाण म्हटलं, आणि मचाणाच्या कामाला सुरुवात केली ती छत्री घेऊन. सबंध श्रावण ते रोज सकाळी यायचे आणि मागच्या अंगणात भर पावसात छत्री धरून उभे राहायचे. छपराचं पाणी कुठे पडतं, कुठून वळतं, कुठे साचतं, ते बघायचे. मध्येच दोन पावलं सरकायचे, पुन्हा उभे. आत खुर्चीवर आक्का आणि बाहेर चिखलात मामा, असे दोघं समोरासमोर. पहिले काही दिवस आक्कांनी सहन केलं. मग एकदा त्यांनी आतून विचारलंच, "पाऊस कदी बगितला नायस का रं?" खुबा मोडल्यापासून त्या आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, त्यामुळे मामांच्या छत्रीला हरकत घेण्याची मलाही सोय राहिली नाही.

पण दिवाळी आली तरी एक खांब उभा राहिला नाही, तेव्हा माझा धीर सुटला. कुणीतरी मला एका कंत्राटदाराचं नाव सांगितलं होतं. तो फार्महाउसवाल्यांना चार दिवसांत डेक ठोकून द्यायचा. मी मामांना तसं सुचवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागे बसले, चला म्हणाले आणि मला खालापूरच्या पुढे एका फार्महाउसवर घेऊन गेले. तिथला रखवालदार त्यांच्या ओळखीचा होता. पाण्याच्या तळ्याकाठी भलामोठा डेक, दोनच पावसाळे झालेला, वरून चकचकीत. मामांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि खांबाच्या बुडाशी टेकवला. शिऱ्यात चमचा जावा तसा तो आत गेला. "खांब मातीत पुरलाय," मामा म्हणाले. "लाकूड पान्यानं मरत नाय जावईबापू. पान्याला जायला वाट नाय ठेवली, की मरतं." परतीच्या वाटेवर ते माझ्या पाठीमागे बसून सांगत होते, की फळ्या एकमेकींना चिकटवल्या होत्या, खाली वारा खेळायला जागा नव्हती, कापलेली टोकं उघडी होती. एखाद्या आजारी नातेवाइकाला भेटून यावं, तसा त्यांचा आवाज उतरला होता.

त्यानंतर कामाला खरी सुरुवात झाली, म्हणजे मामांच्या गतीने. कोंडाण्याला एक जुनं घर उतरवत होते, तिथून त्यांनी सागाचे वासे आणले. प्रत्येक वासा वाजवून, हुंगून आणि एकदोन तर चाटूनसुद्धा. खांबांना ऐनाचं लाकूड, खाली काँक्रीटचे चौथरे, त्यावर लोखंडी बूट आणि खांब त्या बुटात, मातीला कुठेही शिवायचं नाही. फळ्यांची कापलेली टोकं जवसाच्या तेलात मुरवायला त्यांना भांडं हवं होतं. आमची आंघोळीची बादली गेली ती गेलीच. दोन फळ्यांमध्ये पाणी निथळायला फट ठेवायची, पण किती, यावर त्यांनी आठवडा घालवला. शेवटी एके सकाळी ते आक्कांचा वॉकरच उचलून घेऊन गेले. वॉकरचा रबरी पाय त्या फटीत अडकता कामा नये, म्हणून त्यांना त्याचं माप हवं होतं. माप घेऊन संध्याकाळी परत आले. तोवर आक्का पलंगावर अडकलेल्या, आणि भावाच्या लहानपणापासूनच्या सगळ्या कागाळ्या त्यांनी मला आणि हिला क्रमाने ऐकवलेल्या. मामा आले तेव्हा त्या लटक्या रागाने भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मामांनी वॉकर ठेवला, त्याचे चारही पाय पुसले आणि म्हणाले, "आता फट बरोबर बसंल."

माघात आक्कांना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी इस्पितळातून मी घरी आलो, तर मामा मागच्या अंगणात एक फळी रंधत बसलेले, शांत, जणू जगात काही घाई नाही. मी चिडलो. म्हणालो, "मामा, असतील त्या फळ्या ठोका आणि मोकळे व्हा. त्यांचे किती दिवस उरलेत कोणास ठाऊक. एक दिवस तरी बसू देत बाहेर."

मामांनी रंधा खाली ठेवला. बराच वेळ ते हाताला चिकटलेला भुसा झाडत राहिले.

"ती जिच्यावरनं सटकली ना, ती लाकडाची पायरी मीच ठोकलेली," ते म्हणाले. "तुमच्या वास्तुशांतीच्या दिशी. अर्ध्या तासात. वरनं गुळगुळीत, खाली पानी धरनारी. मी असताना ती परत पडायची नाय."

मला तो दिवस आठवला. पाहुणे यायचे होते, मागच्या दारी दगडी पायरी अजून बसली नव्हती, आणि मामा, किती वेळ लावताय, उरका, असं त्यांच्या मागे लागलेला माणूस मीच होतो. हे मामांनाही आठवत असणार. त्यांनी ते त्या दिवशी काढलं नाही, पुढेही कधी काढलं नाही. मी कपडे बदलून आलो आणि फळीचं दुसरं टोक धरलं.

आक्का बऱ्या होऊन घरी आल्या. चैत्रात मचाण पुरं झालं. मामा आधी स्वतः त्यावर नाचले; शब्दशः नाचले, सत्तरी ओलांडलेला माणूस, टोपी सावरत. मग गावातल्या चार दणकट माणसांना बोलावून नाचवलं. मगच त्यांनी दार उघडलं. आक्कांनी वॉकर पुढे टाकला, उंबऱ्यावरून एक पाऊल बाहेर, मग दुसरं. कुठे चढ नाही, उतार नाही. काठाशी जाऊन त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, खाली खाचराकडे बघितलं आणि मान न वळवता म्हणाल्या, "बांद कुनी फोडला रं हा?" मामा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत आत पाणी प्यायला गेले.

त्याला आता पाच पावसाळे झाले. मचाणाची एक फळी वाकलेली नाही. मामांचे डोळे मात्र काचबिंदूने गेले. पोशीरचं घर बंद करून मुलाने त्यांना शेलूच्या फ्लॅटवर नेलं. एखाद्या रविवारी तो त्यांना आमच्याकडे आणून सोडतो. मामा चपला काढतात, अनवाणी मचाणावर येतात, तळपायांनी एकेक फळी विचारपूस केल्यासारखी दाबत जातात आणि आक्कांच्या शेजारच्या खुर्चीत बसतात. मग दोघं फारसं बोलत नाहीत.

गेल्या भाद्रपदात ते असेच बसले होते. मी चहा घेऊन दारापर्यंत आलो होतो.

"काय दिसतंय गं?" मामांनी विचारलं.

समोर खाचर उरलं नव्हतं. उन्हाळ्यातच ते विकलं गेलं होतं. मुरूम टाकून, बांध सपाट करून प्लॉट पाडले होते, आणि पलीकडे जेसीबी माती ओढत होता.

"भात निसवलंय," आक्का म्हणाल्या. "औंदा बरं हाय."

"आन् आवाज कसला?"

आक्कांनी जेसीबीकडे बघितलं. "मळनीचं मशीन हाय."

नुकतं निसवलेलं, लोंब्या जेमतेम बाहेर आलेलं भात कुणी मळत नाही. निम्मा जन्म भातात उभा राहिलेल्या माणसाला हे कळायला डोळे लागत नाहीत. मामांनी चेहरा आवाजाच्या दिशेला केला, थोडा वेळ ऐकलं. मग खुर्ची बहिणीच्या खुर्चीला टेकेपर्यंत सरकवली.

"बगळे आलंत का?" त्यांनी विचारलं.

"आलंत की," आक्का म्हणाल्या. "लय आलंत."