ड्रॅगनची घडी

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी प्रताप नगरात चित्रकलेचा वर्ग लावला. शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची आहे आणि मला काकू म्हणते. पहिले दोन महिने तिनं मला नुसतं तांब्याचं चित्र काढायला लावलं. नंतर वर्गाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा म्हणाली, "काकू, ड्रॅगन काढा. तो कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे चुकला असं कोणी म्हणणार नाही."

ती बाहेरगावची आहे. नागपुरात न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलायला कोणी मागे हटत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

तीन आठवडे खपून मी ड्रॅगन पुरा केला आणि आधी नवऱ्याला दाखवला. त्यांची सगळी नोकरी कन्हानकडच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. "घोरपड काहून काढली वं?" ते म्हणाले. घोरपड नाही, ड्रॅगन आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला. "मंग एवढ्याशा पंखानं हा जमिनीवरून उठनार नाई. वजन पाह्य त्याचं." पुण्याच्या मुलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "सो क्यूट!" मी आग ओकणारा प्राणी काढला होता.

पण खरं सांगायचं तर मला या दोघांच्या मताशी देणंघेणं नव्हतं. मला तो वडिलांना दाखवायचा होता.

वडील नंदनवनात भावाकडे असतात. चाळीस वर्षं त्यांनी हातमागावर लुगडी विणली. कापड मागावरून उतरलं की ते आधी उलटी बाजू बघायचे, मग उजेडात धरायचे. चूक दिसली तर तिथं बोट ठेवायचे, बोलायचे आणि कापड तसंच उघडं टाकून उठायचे. चूक नसली तर एक शब्द न बोलता चार पदरी घडी घालून आपल्या उशाशी ठेवायचे. आमच्या घरात शाबासकी एवढीच होती.

चौदा वर्षांची असताना मी दोन हात लांबीचं कापड एकटीनं विणलं होतं. त्यांनी ते पाहिलं, तीन ठिकाणी बोट ठेवलं आणि खाटेवर उघडं टाकलं. चार दिवस ते तिथंच पडून होतं. पाचव्या दिवशी आईनं त्याच कापडानं कंदिलाची काच पुसली. मला राग आला होता. अजूनही आहे. त्यानंतर मी मागावर बसले नाही.

तर एका दुपारी मी कागदाची गुंडाळी घेऊन नंदनवनला गेले. वडील दिवाणावर बसले होते. आता त्यांचे हात थरथरतात. त्यांनी कागद घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. मागे माझ्या खोडण्याचे वळ उठले होते.

"लय खोडलं तू," ते म्हणाले. "आमाले उसवा लागे."

मग सुलटा केला.

"हे जनावर कोनतं होय वं?"

"ड्रॅगन."

"असते काय असं?"

"नाही."

"मंग यात चूक कशी धरावं?"

मला बरं वाटलं. ते फार तर अर्धा मिनिट टिकलं. त्यांचं बोट पाठीवरून शेपटीकडे सरकत गेलं. "हे खवले इकडं बारीक अन् तिकडं मोठे. हात थकला होता काय तुया?"

"हो."

"मंग उठाचं होतं. थकल्या हातानं बसू नाई."

झालं, मी मनात म्हटलं. आता दिवाणावर उघडा पडणार. मी उठून खिडकीशी गेले, कारण या वयात वडिलांसमोर रडायची मला लाज वाटत होती. मागे कागदाचा आवाज आला. वळून बघते तर ते कडेला कड जुळवत होते.

"बाबा! दुमडू नका! प्रदर्शनात लावायचा आहे तो!"

त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी अंगठ्याच्या नखानं ड्रॅगनच्या मानेवरून घडी पक्की केली, कागद फिरवला आणि दुसरी घातली. दुसऱ्या घडीला मी पुढे केलेला हात मागे घेतला. हात थरथरत होते, पण कोपऱ्याला कोपरा बरोबर बसला. त्यांनी ती घडी उशाशी ठेवली.

"चाय मांड वं," ते म्हणाले.

मी चहा मांडला. त्यात साखर दोनदा पडली. त्यांनी तो सगळा संपवला.

रविवारी वर्गात मी रिकाम्या हातानं गेले. शिकवणारीनं विचारलं, "काकू, ड्रॅगन कुठे आहे?"

"वडिलांनी त्याची घडी केली."

"अरेरे!" ती म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं. मला धीर यावा म्हणून तिनं नवा कागद काढून दिला. प्रदर्शनात लागला तो हा दुसरा ड्रॅगन. त्याचे खवले सारखे आहेत आणि पंख नवऱ्यानं तपासून दिले आहेत. वडिलांना मी तो दाखवलेला नाही.