घंटा झाली की हात वर

जरीपटक्याच्या ओमप्रकाश बोकडेंना आपल्या बुद्धीविषयी कधी शंका आली नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती असेल असे कधी वाटले नाही. सत्त्याऐंशी साली ते नागपुरातल्या एका वाहतूक कंपनीत प्रोग्रामर होते. कंपनीचे कॉम्प्युटर यंत्र स्वस्तातले. त्यावर युनिक्स, म्हणजे अनेकांना एकदम काम करू देणारी प्रणाली, नव्हतीच. यंत्राच्या मूळ प्रणालीवर युनिक्सची नक्कल करणारा एक थर चढवला होता. तो थर ओमप्रकाशांच्या हवाली.

त्यात एकाच प्रोग्रामचे दोन धागे, म्हणजे दोन कामे, बरोबरीने चालत. एक टर्मिनलवरून मालाची नोंद घेई, दुसरा पावती छापी. कधी दोघे नेमके एकमेकांच्या आड येत आणि सगळे यंत्र गोठे. शनिवारी संचालक पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर यंत्र चालले तर विभागप्रमुखाची खुर्ची ओमप्रकाशांची, नाही तर बाहेरचा माणूस येईल, हे व्यवस्थापक आनंदरावांनी स्वच्छ सांगितले होते.

दोष शोधायला ओमप्रकाशांनी प्रोग्राममध्ये जागोजागी पडद्यावर ‘इथवर आलो’ असे उमटवणाऱ्या ओळी घातल्या. आणि यंत्र गोठेनासे झाले. दुसऱ्या कुणी असे का झाले म्हणून विचार केला असता. ओमप्रकाशांनी पेढे वाटले.

त्यांच्या हाताखालची शामला धोटे पेढा हातातच धरून म्हणाली की दोष गेलेला नाही. त्या ओळी उमटवण्यात एक धागा मागे पडतो, म्हणून गाठ पडत नाही, एवढेच. एक धागा नोंदीला कुलूप लावून छपाईची वाट पाहतो, दुसरा छपाईला कुलूप लावून नोंदीची. दोघांना कुलपे एकाच क्रमाने लावायला लावली की झाले. ओमप्रकाश हसले. क्रम वगैरे कारकुनांनी पाहायचा, म्हणाले.

शुक्रवारी आनंदरावांनी पडद्यावरचा तो कचरा काढायला लावला. ओळी गेल्या, आणि चाचणीत यंत्र पुन्हा गोठले.

“तुले काहून एवढी घाई असते वं? छपाई चालू असताना बटन दाबून राहिली.” ओमप्रकाश शामलावर उखडले.

“दाबायलेच त बसवलं न सर मले,” शामला म्हणाली. “मशीन सुधरत नाई त आता माणसायलेच थांबवा.”

हा टोमणा आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही. त्यांना त्यात उपाय दिसला.

शनिवारी ऑफिसातल्या गणपतीपुढची पितळी घंटा यंत्राशेजारी आली. पावती निघायच्या आधी चपराशी कवडू ती वाजवी, आणि टर्मिनलवरची सगळी माणसे हात वर करून बसत. छपाई संपली की हात खाली. यंत्र एकदाही गोठले नाही. संचालकांना ही शिस्त फार आवडली. त्यांनी ओमप्रकाशांचा हात हातात घेतला आणि सोमवारी खुर्ची त्यांना मिळाली.

अनेकांनी एकदम काम करावे म्हणून घेतलेल्या यंत्रापुढे माणसे अर्धा दिवस हात वर करून बसू लागली. शामला दुसरी नोकरी धरून गेली. काम तुंबले, तेव्हा विभागप्रमुखांनी आणखी टर्मिनल मागवली. आवाज तिथवर पोचावा म्हणून एक मोठी घंटाही.