टँकर किती दिवसांनी येतो?

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट मनातून जात नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, धाकटा भाऊ आणि मी, त्याची थोरली बहीण, आज मुरुडला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलगी भावाकडं बघून हसलीसुद्धा. अण्णांनी तिच्या वडिलांना विचारलं, "मग पाहुणं, पुढची बोलणी कवा करायची?"

ते म्हणाले, "तुमच्या गावात टँकर किती दिवसांनी येतो?"

आमच्याकडं असा पाण्याचा प्रश्न म्हणजे नकारच. भावानं मान खाली घातली.

अण्णांनी मात्र सरळ उत्तर दिलं. "आठ दिवसाला येतो. पण आमच्या घरी दोन टाक्या हायत. पोरीला घागर उचलू देणार न्हाई."

"ऊन लई हाय, सांभाळून जावा," मुलीचे वडील म्हणाले.

येताना मला अण्णांचाच राग आला. एवढं साधं कळू नये? मग आठवलं. माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाला अण्णांनीच हसत विचारलं होतं, "तुमच्या विहिरीला पाणी कुठवर पुरतं?" ते लोक लगेच उठले होते.

म्हणजे आज अण्णांना कळलं होतं. कळूनही ते टाक्या सांगत बसले.

मलाही लेक आहे. उद्या तिच्यासाठी असं स्थळ आलं, तर मी तरी दुसरं काय विचारणार? तुम्ही काय विचाराल?