होडीवाल्याला काय हवं होतं

कसबा बावड्याच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला ट्यूब कानाशी धरतो आणि डोळे मिटून हवा कुठून सुटते ते ऐकतो. रविवारी आमच्याकडे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एकत्र बसून तोंडी गोष्ट रचायचा खेळ, चालतो. खेळाडू नायक होतात, बाकीची माणसं मी रचते. या रविवारी मी पंक्चरवाल्यावरूनच एक होडीवाला रचला. त्याचा आवाज, कपडे, सवयी, सगळं वहीत लिहिलं होतं. खेळाडूंनी होडीसाठी त्याला लगेच मारून टाकलं. "तो कुठं महत्त्वाचा होता?" म्हणाले. मी संतापून खेळ बंद केला.

सोमवारी पंक्चरवाल्याला हे तावातावानं सांगितलं. ट्यूब घासता घासता तो म्हणाला, "मरू दे की ताई. पर त्या होडीवाल्याला काय पायजे हुतं?"

वहीत तो रकानाच नव्हता. इतक्या वर्षांत मी या पंक्चरवाल्यालाही ते कधी विचारलं नव्हतं.