सुईच्या वहीतली खोटी नोंद

आमच्या चर्चच्या मंडळीत देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभी राहणारी माणसं बहुधा आजारपणातून उठल्याचं सांगतात, नाहीतर अपघातातून वाचल्याचं. माझ्याकडे तसलं काही नाही. माझी प्रकृती ठणठणीत होती, घरात सगळं सुरळीत होतं, आणि मीच माझ्या हाताने एक खोटेपणा केला. आपणच जाणूनबुजून चुकल्यावर देव आपल्याला सांभाळेल का, ही शंका तेव्हा मनाला लागली होती. ती कशी फिटली, ते सांगते.

सोलापूरच्या एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथे मी शिलाई विभागाची सुपरवायझर होते. आमच्याकडे एक नियम फार कडक. मशीनवर सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, चिकटपट्टीने वहीत चिकटवायचे, खाली सही करायची, मगच नवी सुई मिळते. एखादा तुकडा सापडला नाही तर शिवलेला सगळा गठ्ठा उघडून एकेका कपड्यावरून लोहचुंबक फिरवायचा. लहान मुलांच्या अंगात जाणारे कपडे, म्हणून ही काळजी. ती वही माझ्या ताब्यात असे आणि मला त्याचा अभिमान होता. रोज सकाळी घरातून निघताना मी प्रार्थना करायची, ‘प्रभू, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण माझ्या छातीवर बांध.’ खरं सांगायचं तर ते छातीचं चिलखत आपल्याला अगदी मापात बसलंय, अशीच माझी समजूत होती. कुणी लबाडी केली की मी मनातल्या मनात नाक मुरडायची.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते. पत्र्याखाली जीव नकोसा होईल असं ऊन. शनिवारी दुपारी नरसम्माची सुई मोडली. नरसम्मा आमची जुनी कारागीर, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. बार्शीकडच्या एका बालवाडीचे फ्रॉक ती शिवत होती. सुईचे दोन तुकडे मिळाले, टोक मिळालं नाही. आम्ही दोघींनी मशीनखाली चुंबक फिरवला, फरशी झाडली, पण टोक काही सापडलं नाही. संध्याकाळी माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवायचा होता, मालक दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. गठ्ठा उघडायचा म्हणजे गाडी चुकणार आणि सगळ्यांसमोर माझ्या कामाला बट्टा लागणार. जुन्या मोडक्या सुयांचा एक डबा माझ्या टेबलात असे. नरसम्मा पाणी प्यायला गेली तेव्हा मी त्यातलं एक टोक उचललं, वहीत चिकटवलं आणि खाली सही ठोकली. मिनिटभराचं काम.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकसाहेब नेमके नीतिमत्त्वावर बोलले. शिपाई उरस्त्राण सणासुदीला घालत नाही, रोज घालतो, कारण बाण कुठल्या दिवशी येईल ते त्याला ठाऊक नसतं, असं ते म्हणाले. मी पदराने घाम पुसत बसले होते. मग प्रभुभोजनाचं, भाकरीच्या तुकड्यांचं ताट माझ्यापर्यंत आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ते ताट तसंच शेजारणीकडे सरकवलं. तिला वाटलं मला बरं नाही. मला त्या क्षणी फक्त तीन-चार वर्षांच्या एका पोरीचा उघडा गळा दिसत होता आणि फ्रॉकच्या कॉलरीत कुठेतरी अडकलेलं ते टोक. रडू आवरलं नाही म्हणून मी उठून बाहेर आले.

चर्चच्या आवारातल्या कडुलिंबाखाली उभी राहून मी मालकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलो असतो. तुम्ही? आणि आता सांगून काय उपयोग? गाडी काल संध्याकाळीच सुटली की!” मी म्हटलं, निदान ट्रान्सपोर्टवाल्यांकडून ड्रायव्हरचा नंबर घेते, शाळेत कपडे वाटायच्या आधी गठ्ठा तरी अडवता येईल. त्यांनी फोन ठेवला. मी होते तशी, चर्चच्या पांढऱ्या साडीतच, रिक्षा करून गोदाम गाठलं. वाटेत मी एवढंच म्हणत होते, “प्रभू, माझं काय व्हायचं ते होऊ दे, त्या लेकराला सांभाळ.”

गोदामात एक म्हातारा हमाल पोत्यावर बसून चहा पीत होता. त्याला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बार्शीच्या गाडीची चौकशी केली तर तो म्हणाला, “गाडी तो गई बाई. एक गठ्ठा रह गया. उसपे चिट्ठीच नै थी, तो कैसा चढाते? बाजू कू रख दिया मैं.” त्याने बोट दाखवलं. भिंतीला टेकून आमचाच गठ्ठा उभा होता, नरसम्माने शिवलेल्या फ्रॉकचा. पत्त्याची चिठ्ठी मी स्वतः दोऱ्याने बांधली होती, चांगली दुहेरी गाठ मारून. ती कशी सुटली ते मला माहीत नाही आणि मी ते शोधायलाही गेले नाही. मी गठ्ठ्याला हात लावून खाली फरशीवरच बसू लागले. म्हाताऱ्याने पोतं सरकवून मला बसायला जागा दिली आणि अर्धा कप चहा ओतला.

मी मालकांना पुन्हा फोन केला, तसे ते चुंबक घेऊन आले. आम्ही दोघांनी तिथेच फरशीवर चादर अंथरून एकेक फ्रॉक तपासला. टोक सापडलं. कॉलरीच्या दुहेरी कापडात, मानेच्या मागच्या बाजूला. मालकांनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं. सोमवारी सगळ्यांसमोर मी खोट्या नोंदीवर रेघ मारली, खाली खरं काय ते लिहिलं आणि सही केली. वही माझ्याकडून गेली, सुपरवायझरची खुर्चीही गेली. मी पुन्हा मशीनवर बसले. आश्चर्य म्हणजे मला हलकं वाटत होतं, शिवताना मी चक्क गुणगुणत होते.

मंडळीत काही बहिणी विचारतात, तो हमाल देवदूत होता का? मला काय ठाऊक! त्याच्या कानावर विडी होती एवढं आठवतं. देवाने त्याला तिथे बसवलं होतं, मला तेवढं पुरे.

त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नरसम्मा डबा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, “अक्का, तुमी ते टोक चिकटवताना मी दारातनं बगितलं होतं. माजी सुई मोडली, माज्यासाठी तुमी केलं म्हणून मी गप बसले. दोन दिवस घास उतरला न्हाय बगा.” मी तिला म्हटलं, “नरसम्मा, तुझ्यासाठी नव्हे गं. माझं नाव खराब होऊ नये म्हणून केलं.” तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं, मग हसली आणि म्हणाली, “बरं, मग आता तरी भात खावा की.” आणि माझ्या डब्यात तिने भात वाढला.

नीतिमत्त्व माझं रक्षण करतं, एवढंच मी तोवर समजत होते. माझ्या पाठीमागे कोण कोण उभं आहे, हे मी कधी वळून पाहिलंच नव्हतं. मी छाती उघडी टाकली तेव्हा बाण माझ्यावर आलाच नाही, तो नरसम्माच्या जिवाला लागला, आणि जिचं नावही मला माहीत नाही अशा एका पोरीच्या मानेपर्यंत पोचला. जे मला मापात बसलंय असं वाटत होतं ते माझं नव्हतंच, प्रभूचं होतं, आणि ते त्याच्याकडून रोज मागूनच घ्यावं लागतं. मी नुसतं तोंडाने मागितलं, मनातून घमेंडीत राहिले, तरी माझ्या खोटेपणापासून त्या दोघींना वाचवायला तो आमच्या मध्ये येऊन उभा राहिला. आणि नंतर खरं बोलायला लावून मलाही त्याने त्यांच्याच बाजूला ओढून घेतलं.