पाचव्याची हजेरी

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण कुठल्या दारातून चार माणसं आत गेली आणि पाचवा घुटमळला, की बऱ्हाणपूरची ती केस डोळ्यांपुढे उभी राहते. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच नांदताहेत.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शाहपूरकडच्या एका शेतात कोणीतरी रात्रीतून घडावर आलेली केळी कापून आडवी केली. राखणदार जागा झाला, तर त्याच्या डोक्यात कोयता घातला. तो वाचला, पण अंधारात त्याला चेहरा दिसला नव्हता. माणसावरचा राग त्याच्या बागेवर काढायचा, हा तापीकाठचा जुना रोग. पण इथे रक्त सांडलं होतं, आणि वरून फोनावर फोन येत होते.

दुसऱ्याच दिवशी आमचा मुखबिर, म्हणजे खबऱ्या, आला. बशीत चहा ओतत म्हणाला, "साहेब, शेतमालकाचं शेजारच्याशी बांधाचं भांडण आहे. त्या शेजाऱ्याचा पोरगा इथं सूतमिलमध्ये आहे, इतवारा मोहल्ल्यात खोली करून राहतो. डोकं गरम आहे त्याचं. पाहा बुवा."

पोरगा उचलून आणला. केसांत अजून कापसाचे तंतू होते. लग्न तोंडावर आलेलं, मुलगी तुकईथडची. तो एकच धरून बसला, "साहेब, मी तं रातपाळीला होतो. कसम से."

मिलकडून हजेरी मागवली. छापील, स्वच्छ कागद आला. त्यात याचं नाव नव्हतं.

"मग हे काय?"

"साहेब, त्या दिवशी मी पाचवा गेलो. पाचव्याची हजेरी उडते."

आमचा मुन्शी फस्सकन हसला. मी वैतागलो. खोटं बोलणारा माणूस फार सुबक बोलतो, हा माझा अनुभव होता. इतकं वेडगळ कोणी मुद्दाम रचत नाही, हे मात्र तेव्हा सुचलं नाही. सोबतचे कामगार येऊन म्हणाले, "होता साहेब, आमच्यासंगं होता." दोस्तांची साक्ष कोण धरतो? मिलचे मॅनेजर म्हणाले, "आदमी झूठ बोलेल साहेब, कंप्यूटर थोडाच बोलतो?" भर बाजाराच्या दिवशी त्याला हातकडी घालून पायी कोर्टात नेलं आणि तिथून तो जेलात गेला. तुकईथडची माणसंही त्या बाजाराला आलेली होती.

पण ते 'पाचवा' काही डोक्यातून जाईना. एका संध्याकाळी साध्या कपड्यांत मिलच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पाळी बदलत होती. भिंतीवरच्या हजेरीच्या मशीनला कार्ड लावून चार कामगार झपझप आत गेले आणि मग सगळी रांग थबकली. हसणं, ढकलाढकली सुरू झाली. एक म्हातारा पुढे सरकला, तर एका तरुणानं त्याला मागे ओढलं. "सरका काका, आज माझा नंबर." त्यानं मशीनला नमस्कार केला, कार्ड लावलं आणि आत गेला. पाठोपाठ बाकीचे भराभर शिरले.

मी म्हाताऱ्याला बाजूला घेतलं.

"पाचवा गेला की त्याचा दिवस गेला, साहेब," तो म्हणाला. "किती महिने झाले. टाइम ऑफिसात सांगितलं तं म्हणतात, तुम्हीच कार्ड नीट लावत नाही. मग आम्ही पाळ्या लावल्या. एकाच गरिबाच्या माथी कशाला?"

"आणि त्या रात्री?"

"त्या रात्री पाळी माझी होती. पोरगा म्हणाला, काका, तुमचं या महिन्यात खूप गेलं, मी जातो." एवढं बोलून म्हातारा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागला.

तसाच टाइम ऑफिसात शिरलो. बाबूला म्हटलं, माझ्यासमोर यादी काढा. मशीनमधून आलेली कच्ची यादी पडद्यावर होती. त्यानं एक बटण दाबलं, यादी सुबक झाली आणि पाचवं नाव गायब. बाबूलाच घाम फुटला.

"हे बटण दिलं कोणी?"

मिलमधले संगणक नुकतेच वायरीनं एकमेकांना जोडले होते. एक सामाईक फोल्डर होता. एखादं काम एकदा करून दाखवलं की संगणक ते बटणासरशी पुन्हा जसंच्या तसं करतो, त्याला मॅक्रो म्हणतात. ज्याला जमेल तो असा मॅक्रो बनवून फोल्डरात ठेवी, बाकीचे उचलून आपापल्या संगणकात घेत. हा मॅक्रो हिशेब विभागातल्या एका ऑपरेटरचा होता. तो आमच्या आरोपीचा गल्लीतला दोस्त निघाला, एका डब्यात जेवणारा.

त्याला ठाण्यात बोलावलं. दम द्यायची गरजच पडली नाही, खुर्चीत बसताच फुटला. त्याच्या विभागाच्या यादीत पाचवी ओळ नेहमी कोरी यायची. मॅक्रो बनवताना त्यानं ती काढून टाकली. संगणकानं तेवढंच ध्यानात ठेवलं, पाचवी ओळ काढायची. कामगारांच्या यादीत त्या ओळीवर माणूस होता.

"तुला हे कळलं कधी?"

"झाले काही महिने, सर. पण मी फोल्डरमधला सुधारून ठेवला ना! टाइम ऑफिसवाल्यांनी जुनाच उचललेला होता, त्याला मी काय करू?"

"सुधारलास ते कोणाला सांगितलंस?"

त्यानं मान खाली घातली. "नोकरी कच्ची होती, सर. वाटलं, सुधारलं तं झालं, चुपचाप निपटून जाईल."

"आणि दोस्त आत गेला तेव्हा?"

"रोज वाटायचं, उद्या सांगतो."

असा संताप आला म्हणता! दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. पण तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. शेवटी पाण्याचा ग्लास पुढे केला.

भिंतीवरच्या मशीनच्या पोटात त्या रात्रीची नोंद शाबूत होती. पोरगा सुटला. केळी कापणारा पुढे शेतमालकाच्याच भावकीत सापडला.

जेलच्या फाटकाशी ऑपरेटर उभा होता. त्यानं सगळं सांगितलं, तसा पोरगा थबकला. "तुला माहीत होतं? अरे, मग आम्ही पाळ्या कशाला लावून राहिलो होतो?" इतकंच बोलला आणि पुढे गेला. मिलमध्ये तो परत गेला नाही.

लग्न मोडल्याचं कानावर आलं, तेव्हा मी स्वतः तुकईथडला गेलो. मुलीच्या बापानं खाटेवर बसवलं, चहा दिला. पोराचा काही दोष नव्हता, हे मी समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही म्हणता तं खरंच असेल, साहेब. पण नेताना साऱ्या बाजारानं पाहिलं. सोडताना कोणी पाहिलं? आता मुलगी दुसरीकडे दिली. परवा हळद आहे."

मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले होते. नमस्कार करून मी उठलो.

परतताना जीपमध्ये मला त्या ऑपरेटरवर आलेला राग आठवला आणि लाज वाटली. आमच्या खात्यात हातकडीला भर बाजार असतो आणि सुटकेला एक सही. आम्हीही सुधारूनच ठेवलं होतं, सांगितलं कोणालाच नव्हतं.

त्यानंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे निर्दोष माणूस सुटला की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, वर्दीत, बाजाराच्या वेळी, त्याच रस्त्यानं त्याला घरापर्यंत पोचवत असे. दुकानदार विचारत, तर मोठ्यानं सांगत असे, "याचा गुन्हा नव्हता. चूक आमची." मुन्शी लोक माघारी हसायचे, हसोत बापडे. ज्या पोरापायी हे शिकलो, त्याच्याबरोबर त्या बाजारातून चालायचं मात्र राहून गेलं.