दांडी दाबली की सूर जातो

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. साड्यांच्या ऑर्डरच्या वहीची मागची पानं कोरी होती, आणि चार माणसांत तोंड उघडायचं मला जमत नाही, म्हणून लिहिते. वाचलंच कुणी, तर अक्षर लावून घ्यावं.

माझे धाकटे दीर गिटार वाजवतात. वाजवतात असं ते म्हणतात. इथे गुजरातेत, हरणीत, नवरात्रात सोसायट्यांचे गरबे होतात, तिथे वाजवणारी एक पार्टी आहे, तिच्यात ते आहेत. बरी चाललेली साधी गिटार त्यांनी विकली आणि दांडीवाली जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. या गिटारीच्या शेपटाकडे एक आडवी गोल कांब असते, तारा तिला अडकवलेल्या असतात. कांबेतून एक दांडी बाहेर येते, दांडीखाली जाड स्प्रिंग. दांडी दाबली की सगळ्या तारा सैल पडून सूर खाली लोंबतो, सोडली की परत जागेवर येतो. यायला पाहिजे.

गिटारीच्या किमतीतले अठरा हजार माझे होते. फॉल-पिको करून तीन वर्षं ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला ठेवलेले. सासूबाई म्हणाल्या, घरातलाच आहे, कुठे पळून जातोय. मला भाजीवाल्यालाही नाही म्हणता येत नाही. दीर म्हणाले, नवरात्राचे पैसे आले की दसऱ्याला सगळे देतो. म्हणजे त्यांनी नऊ दिवस वाजवलं तर माझं मशीन, नाही तर काही नाही.

गिटार आल्यापासून ते माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून सराव करायचे. हातात दांडी आली म्हणून प्रत्येक ओळीला दाबायची. आरतीतसुद्धा दाबायची. दोनदा दाबली की सूर गेलाच. मग खुंट्या पिळायच्या, परत दाबायची, परत पिळायच्या. दोष कुणाचा, तर विश्वामित्री नदीच्या दमट हवेचा. मग अलकापुरीतल्या दुकानदाराचा. मग शेजारच्या बाईच्या नजरेचा, त्यासाठी खुंटीला काळा दोरा बांधला. माझ्या मशीनचं तेल मला न विचारता नेऊन वरच्या टोकाला ओतलं. मी एकदाच विचारलं, तार कुठे अडकत तर नाही ना?

"वहिनी, यातलं तुम्हाला नाही कळायचं. ही अमेरिकन सिस्टीम आहे."

मागच्या चिकटपट्टीवर चीन लिहिलं होतं. तेवढं इंग्रजी मला वाचता येतं.

नवरात्राला आठवडा असताना पार्टीचे मुख्य चहाला आले. वयस्क गुजराती गृहस्थ, आवाज कधी चढत नाही. दोन गाणी ऐकली, चहा संपवला, मग म्हणाले, "जो भाई, हवे एक वार पण बेसूर थयुं ने, तो तू घरे बेसजे. अकोटावाळो तैयार बेठो छे."

आणखी एकदा बेसूर झालं तर घरी बसायचं, आणि अकोट्याचा दुसरा गिटारवाला खरंच तयार होता. दीर हसले, ते गेल्यावर जेवले आणि झोपले. इतकं झाल्यावर झोप लागते, याचं मला आश्चर्य वाटतं. माझे अठरा हजार त्यांच्या उशाशी भिंतीला टेकून उभे होते.

मी गिटार मांडीवर घेतली. मला वाजवता येत नाही, पण दांडी कुणालाही दाबता येते. हळूच दाबली, सोडली. वरच्या टोकाकडे बारीक टिक आवाज झाला. दोरा कुठे अडकून सुटला की मशीनही असाच आवाज करतं. खुंट्यांच्या खाली हाडासारखी पांढरी पट्टी आहे, तिला सहा खाचा, खाचेतून एकेक तार जाते. तारा सैल करून बघितलं तर खाचांत लाल चिखल बसलेला. तेल आणि कुंकू.

कुंकू मीच लावलं होतं. गिटार घरात आली त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, नवी वस्तू आहे, डोक्याला हळदकुंकू लाव. डोकं म्हणजे ते वरचं टोक. पाण्यात कालवून अंगठ्याने भरपूर ओढलं, ते खाचांत वाळलं. त्यावर दिरांनी तेल ओतलं. दांडी दाबली की तार खाचेतून सरकायची आणि परत येताना चिखलात अडकायची. हे फक्त या वहीत लिहिते. चूक माझी होती, पण दोन महिने गिटार माझ्या हातात नव्हती, त्यांच्या हातात होती. एकदा वाकून बघायला अमेरिकन सिस्टीम लागत नाही.

सुईने खाचा कोरल्या, मलमलची चिंधी फिरवून पुसल्या. पर्सची चेन अडकली की आम्ही तिच्यावर पेन्सिल घासतो, तशी खाचांत पेन्सिल घासली. खुंट्यांवर तारेचे दहादहा वेढे होते, एकावर एक चढलेले, आळशी माणसाने भरलेल्या बॉबिनसारखे. ते उलगडून तीनतीनच नीट बसवले. नवं इलास्टिक शिवण्याआधी ताणून घेतात, तशी प्रत्येक तार बोटाने ओढून घेतली. सूर बघायचा एक चिमटा असतो, तो डोक्याला लावला की सूर बरोबर आल्यावर हिरवा दिवा लागतो. तार दिव्याच्या पुढे गेली तर खाली पूर्ण सैल करायची आणि खालून परत चढवायची. वरून उतरवली की ती नंतर सरकते. हे मला पाचव्या वेळी कळलं. सहावी तार हिरवी झाली तेव्हा दीर उठून बसले होते.

"काय करताय?"

"पुसत होते."

त्यांनी गिटार घेतली, दांडी जोरात दाबून सोडली. सूर जागेवर आला. परत दाबली, परत आला. माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंत? हवा बदलली."

मी साडी घेऊन मशीनवर बसले.

नऊही दिवस ते निघायच्या आधी मी गिटार पुसायला मागून घ्यायची. ताणायची, खालून चढवायची, दांडी दोनचारदा हलवून परत दिवा बघायची. पार्टीच्या मुख्यांनी गल्लीत थांबवून यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, सांगितलं की तुमचा भाऊ आता लाइनवर आला. भाऊ शेजारी उभा राहून मान डोलवत होता. कौतुक अंगावर घ्यायला त्या माणसाला कधी सराव लागला नाही.

दसऱ्याला त्यांनी बारा हजार दिले. सहा दिवाळीनंतर, म्हणाले. पायात नवे बूट होते.

कोजागरीला, इथे शरदपूनम म्हणतात, पार्टीचा आणखी एक कार्यक्रम होता. त्या सकाळी त्यांनी नव्या तारा आणून स्वतःच चढवल्या, परत दहादहा वेढे. दुपारपर्यंत दाबायचे आणि पिळायचे. तीन वाजता गिटार माझ्या मशीनवर आणून ठेवली, अर्ध्या शिवलेल्या फॉलवर.

"वहिनी, जरा पुसून द्या ना. तुम्ही पुसलं की बरोबर होते."

म्हणजे ठाऊक होतं. नऊ दिवस ठाऊक होतं. आतापर्यंतचं सगळं मी पोटात घातलं होतं, हे पोटात जाईना. गिटारीला हात न लावता मी खाली बघून म्हणाले, "आधी सहा हजार ठेवा, भाऊजी."

ते हसले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, घरातल्या घरात कसला हिशेब करतेस? मी मशीनच्या सुईत नवा दोरा ओवायला घेतला. दिरांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, बूट घातले आणि बाहेर गेले. अर्ध्या तासाने आले. पाचपाचशेच्या बारा नोटा मशीनवर ठेवल्या. मी त्यांच्यासमोर मोजल्या, दोनदा. अठरा हजार पूर्ण झाले.